रजेवर गेलेल्या बाई

(१० मार्चला शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, मला कोणी बोलावत नाही. त्या दिवसाचे वक्ते आधीच ठरलेले असतात, मुली नऊवारी नेसून, आडवं कुंकू लावून तयार असतात, तसबिरीला हार घालायला पाहुणे येतात. माझ्या वाट्याला येतो १० मार्च, त्यांची पुण्यतिथी. परीक्षा तोंडावर, निम्मे शिक्षक प्रश्नपत्रिकांत अडकलेले. पण मला हा दिवस आवडतो. जन्मदिवसाला आपण तसबिरीपुढे उभे राहतो, पुण्यतिथीला निदान माणसाबद्दल बोलता येतं.

शेणाची, दगडांची आणि सोबत नेलेल्या जादा लुगड्याची गोष्ट मी सांगणार नाही. ती तुम्हाला पाठ आहे. दरवर्षी तुम्हीच मुलांना सांगता. मला बोलायचंय सावित्रीबाईंच्या पत्रांवर. नवऱ्याला, जोतीरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रं आपल्या हाती आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा बाई पंचविशीत होत्या. दुखण्यातून उठायला नायगावला, माहेरी गेल्या होत्या. भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली १८४८ साली, म्हणजे तोवर पुण्यातल्या कामाला आठेक वर्षं झाली होती. आता आजारपणाच्या रजेवर असलेली बाई काय लिहील? तब्येत सुधारतेय, भावाने खूप केलं, बरी झाले की येते. ते सगळं आहेच. पण त्यात फातिमाचंही, म्हणजे सोबत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांचंही नाव येतं. तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं बाईंनी लिहिलंय.

मी एकतीस वर्षं शाळेत काढली. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, आणि मग गप्पच झालो. एक बाई रजेवर गेली की तिचा वर्ग कुणाच्या तरी गळ्यात पडतो. दोन वर्ग एकाच खोलीत कोंबायचे, एकाला पाढे घोकायला लावायचं आणि दुसऱ्याला धडा शिकवायचा. ज्याच्यावर पडतं त्याला ते कळतं, आणि रजेवर गेलेलीच्या मनातून ते जात नाही. इतिहासाच्या पुस्तकात हे येत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या या बाईला मात्र ते आठवत होतं.

त्याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. ज्याने सेवा केली तोच भाऊ म्हणाला, तुम्हा नवरा-बायकोला वाळीत टाकलंय, महारामांगांसाठी तुम्ही करता ते भ्रष्टपणाचं आहे. बाईंचं उत्तर असं: तू शेळीला, गाईला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्या-माझ्यासारख्या माणसांचाच विटाळ कसा? कारण सांग. मला यात वर्गातल्या बाई दिसतात. भावावर ओरडल्या नाहीत, त्याच्याच अंगणातली उदाहरणं काढली.

दुसरं पत्र १८६८ चं, तेही नायगावहून. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी. तिला दिवस गेले. गावकरी दोघांना मारत रस्त्याने नेत होते, जीव घेण्याच्या बेतात होते. बाई धावत गेल्या, इंग्रजांच्या कायद्याने काय होईल याची भीती घातली आणि दोघांना सोडवलं. मग त्या दोघांना जोतीरावांकडे पाठवलं. बायकोने नवऱ्याकडे पाहुणे पाठवावेत इतक्या सहज. मला हा संसार फार आवडतो.

तिसरं पत्र जुन्नरकडच्या ओतूरचं, दुष्काळातलं. पोलिसांनी जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे पन्नास कार्यकर्ते धरले होते. बाई कलेक्टरला जाऊन भेटल्या. त्याने माणसं सोडली, वर चार गाड्या ज्वारीही दिली.

लग्न झालं १८४० मध्ये. ती नऊची, तो तेराचा. शाळेपायी १८४९ साली दोघांना घर सोडावं लागलं. आणि हो, पगार. मेळाव्यात पगाराचा विषय निघाला नाही असं कधी होत नाही, म्हणून सांगतो: या बाई विनावेतन शिकवतात, असं शाळांविषयीच्या तेव्हाच्या निवेदनातच म्हटलेलं आहे. घरात पैसा मुरत नव्हताच. महादू सहादू वाघोले यांनी आठवण लिहून ठेवली आहे. बाई येईल त्याला जेवू घालत, गरीब बायकांना लुगडी देत. जोतीराव म्हणत, एवढा खर्च बरा नव्हे. त्यावर बाई हसून विचारत, मरताना बरोबर काय न्यायचंय? आणि जोतीराव गप्प बसत. जोतीरावांना गप्प बसवणारी माणसं पुण्यात किती असतील?

त्यांना मूल झालं नाही. १८६३ साली त्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. फसलेल्या विधवा तिथे येत, बाळंत होत. त्यांतल्याच काशीबाईचा मुलगा या दोघांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. ज्ञानोबा सासने यांची राधा सून म्हणून ठरली, तर लग्नाआधीच तिला घरी आणून ठेवली, दोघांची ओळख व्हावी म्हणून. तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून घरकाम सासूने स्वतःकडे घेतलं. या वाक्यावर इथल्या किती सुनांनी माझ्याकडे पाहिलं ते मला दिसलंय.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. आपल्याला मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती. वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावं लागलं. यशवंत दत्तक, म्हणून भाऊबंदांनी टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं, धरण्यावरून वाद काढला. तेव्हा बाई पुढे झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या.

सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. यशवंताने हडपसरजवळ, सासन्यांच्याच माळावर, गावाबाहेर मोकळ्या हवेत दवाखाना काढला. बाई सहासष्ट वर्षांच्या. रोगी आणून पोचवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा आजारी पडल्याचं कळलं, तशा त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्याचाच संसर्ग त्यांना झाला. १० मार्च १८९७ ला रात्री त्या गेल्या.

पांडुरंग बरा झाला.