त्रास काहीच नाही, पण बीपी १७२

गडचिरोलीतली ८६ गावं. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ ह्या दोन वर्षांत तिथे १,५९९ माणसं वारली. तिथेच आरोग्याचं काम करणाऱ्या सर्च संस्थेच्या टीमने घरोघर जाऊन प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं, आणि सगळ्यात वरचं कारण निघालं लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. २२९ माणसं, म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. जंगलातला जिल्हा, अंगमेहनतीची माणसं, आणि तिथे पहिल्या नंबरवर लकवा. आणि लकव्यामागचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढलेलं बीपी.

आपल्याकडे अजून पण म्हणतात की बीपी म्हणजे शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचं दुखणं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात साधारण २३ टक्के पुरुष आणि २० टक्के बायकांचं बीपी जास्त निघालं किंवा त्यांना गोळी चालू होती, शहरात हेच २७ आणि २४, म्हणजे फरक आहे पण किती थोडा आहे बघा. आणि ह्यात १५ वर्षांची पोरं पण धरलीत, नुसती पन्नाशीच्या पुढची माणसं मोजली तर आकडा बराच वर जातो.

आता हे गावातलं आरोग्य उपकेंद्र बघा. मावशी नातवाचा खोकला दाखवायला आल्यात. सिस्टर म्हणतात, आलाच आहात तर बीपी बघू. मावशी म्हणतात, मला काय धाड भरलीय, चालत आलेय की! सिस्टर आधी त्यांना तोंडातली तंबाखू थुंकून चूळ भरायला लावतात, अर्धा तास बसवतात, पाठ भिंतीला, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, आणि पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नाही तर बाही वर सारून उघड्या दंडावर. बोलायचं नाही. १७२ वर १०४. थोडं थांबून परत घेतलं, १६८ वर १००. हद्द आहे १४० वर ९०. मावशींचं डोकं दुखत नाही, घेरी नाही, काही नाही. बहुतेकांचं असंच असतं, म्हणून तर कोणी मोजायला जात नाही.

कारणं एक नाहीत. वय, घराण्यातलं बीपी, बिडी, मशेरी, दारू, आणि मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडे भाकरीसोबत भाजी नसली तरी ठेचा, लोणचं, खारी मिरची, सुकट असतेच, कारण तेच परवडतं आणि रानात टिकतं. त्यामुळे नुसतं मीठ कमी करा सांगून निघून जाणं मला पटत नाही.

औषध महाग नाही हो. अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम, रोज एक गोळी, सरकारी दवाखान्यात फुकट. २०१७ ला भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे सुरुवातीलाच होते, आणि त्याचा सगळा भर साध्या गोष्टींवर: ठरलेली औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात, आणि जो आला नाही त्याला फोन.

कारण माणूस सुटतो तो इथेच. महिनाभर गोळी घेतली, बीपी १३० वर आलं, माणूस म्हणतो बरा झालो, आणि गोळी बंद. पण ते १३० गोळीमुळे असतं! किंवा दवाखान्यात गेलं तर गोळ्या संपलेल्या, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परत आलेला माणूस पुढच्या महिन्यात कशाला येईल?

सगळ्यात अवघड ऊसतोड कामगारांचं. दिवाळीच्या आसपास बीडहून निघायचं, पाच-सहा महिने फडात, कारखाना सांगली-कोल्हापूरकडे, फाइल गावाकडच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. गोळ्या महिन्याभराच्या, हंगाम सहा महिन्यांचा. ह्या लोकांना निघायच्या आधी बीपी मोजून जास्तीच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत, आणि कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात नुसतं बीपीचं कार्ड दाखवून पुढच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत, गावाकडचा कागद कुठंय असं विचारून कोणी परत पाठवता कामा नये.