पदर

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी धुळे–सोलापूर रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, तेव्हा मी आमच्या नववीच्या मुलींना घेऊन बीडहून पैठणला निघाले होते. गेवराईच्या अलीकडं एसटी थांबली. समोर खडीचे ढीग, रोलर, नुसता धुरळा. कडेला पाटी होती : चौपदरी रस्त्याचे काम चालू आहे. खिडकीशी बसलेल्या मुलीनं ती मोठ्यानं वाचली आणि मागं वळून विचारलं, "बाई, रस्त्याला बी पदर असतो का?"

गाडीभर हशा पिकला. पोरगी लाजून खिडकीबाहेर बघायला लागली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच. साडीला पदर असतो हे ठीक, पण रस्त्याला कसा? पोळीला कसा? कवितेला कसा? आणि 'पदरचे पैसे' म्हणतो तेव्हा त्या पैशांचा आणि कापडाचा काय संबंध? त्या दिवशी तिला मी जेवढं सांगितलं, ते अपुरं होतं. उरलेलं आज तुमच्यापुढं मांडते.

पैठणला पोचल्यावर आम्ही पहिल्यांदा हातमाग बघायला गेलो. खड्ड्यात पाय सोडून एक ताई मागावर बसल्या होत्या. पायाखाली पावड्या, समोर ताणलेला जांभळा ताणा आणि त्यावर रंगीत रेशीम गुंडाळलेल्या पंधरा-वीस छोट्या तिल्ल्या लोंबत होत्या. ताई पदर विणत होत्या. पदरावर मोर होता, अजून नुसता गळ्यापर्यंत आलेला. निळी तिल्ली मोराच्या गळ्यापुरतीच जायची, तिथं शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकून परत फिरायची. मग हिरवी, तिच्या पुढं लाल. एक आडवी ओळ पुरी व्हायला इतक्या वेळा हात खाली-वर, मग फणीचा एक ठोका, आणि मोर एका धाग्यानं वाढला. मुलींचा श्वास अडकला होता. एकीनं खाली वाकून उलटी बाजू बघितली, तर तिथंही तसाच मोर. लोंबता धागा एक नाही. रंग रंगात गुंतवून विणल्यामुळं पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

ताई म्हणाल्या, "अंग लवकर निघतं. टाइम लागतो तो पदराला. गिऱ्हाईक बी पैसे पदराचेच देतं."

काठ, अंग आणि पदर, अशी लुगड्याची वाटणी. अंगाचं काम अंग झाकायचं. पदर मात्र सुटा राहतो. खांद्यावरून मागं टाकला की तो मोकळाच. या मोकळ्या टोकानं बायकांनी काय काय नाही केलं! डोळे पुसले, चुलीवरचं भांडं उतरवलं, लेकराला ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर धरला, रानातून येताना शेंगा बांधून आणल्या, कामाला लागताना खोचला, वडीलधारं माणूस दिसलं की डोक्यावर घेतला. आणि पदर काही बाईचाच नव्हे. पुरुषाच्या उपरण्याला, शेल्याला, धोतरालाही पदर असतो. कापडाच्या या रिकाम्या टोकातच मराठीनं आपला अर्धा संसार बांधून ठेवलाय, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या आज्जीचं बघा. तिच्या लुगड्याला खिसा नव्हता, तिच्या नावावर बँकेत खातं नव्हतं. तिचं जे काही होतं ते पदराच्या टोकाला, गाठीत. आठवडी बाजारात ती भाजीवालीपुढं उकिडवी बसायची, गाठ दातानं सैल करायची, त्यातून घामानं ओलसर झालेली नाणी काढून तळहातावर मांडायची आणि मोजून द्यायची. उरलेली परत बांधायची. ते पैसे घरचे नव्हेत, आज्जीचे. म्हणून तर 'पदरचे पैसे' म्हणजे स्वतःचे पैसे. ते मोडून दुसऱ्यासाठी खर्च केले की 'पदरमोड'. नुकसान सोसावं लागलं तर 'पदराला खार लागला'. खिशातून खर्च केला म्हणताना ते नुसते पैसे असतात. पदरमोड म्हटलं की त्यात बाजूला ठेवलेलं, जपलेलं काहीतरी मोडल्याची कळ असते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधले कितीतरी गुरुजी आणि बाई खडूपासून लेकरांच्या वह्यांपर्यंत पदरमोड करतात. कुठल्या कागदावर ती दिसत नाही, म्हणून इथं बोलले.

आज्जी पदराला आणखी एक गाठ मारायची, रिकामी. संध्याकाळी शेजारणीकडून विरजण आणायचं असलं, कुणाला निरोप द्यायचा असला, की सकाळीच गाठ. गाठ हाताला लागली की काम आठवायचं. खूणगाठ ती हीच. आज आपण 'मनाशी खूणगाठ बांधली' म्हणतो, तेव्हा ती गाठ पदरावरून मनावर आलेली असते.

आता घेणं. ओंजळीत किती मावणार? जास्त घ्यायचं तर पदर पसरावा लागतो. तुळजापूरला नवरात्रात जाऊन बघा. भवानीपुढं आलेली बाई हात जोडते ते सगळ्यांसारखंच, पण तिचं खरं मागणं असतं तेव्हा ती पदराची दोन टोकं धरते आणि पुढं पसरते. तोंडानं काही बोलत नाही. ज्याच्यापुढं पदर पसरला, त्यानं तो रिकामा परत पाठवायचा नसतो, अशी आपल्याकडची समजूत. मग जे मिळालं ते 'पदरात पडलं'. ज्याला मूल नाही त्यानं दुसऱ्याचं मूल 'पदरात घेतलं'. माफी मागायची ती सुद्धा अशीच : 'चूकभूल पदरात घ्यावी', 'अपराध पोटात घाला, पदरात घ्या'. जुन्या लग्नपत्रिकांत आणि आभाराच्या भाषणांत हे वाक्य हमखास असायचं. हल्ली त्या जागी 'क्षमस्व' येतं. क्षमस्व शुद्ध आहे, पण त्यात घेणाऱ्याचा हात दिसत नाही.

शेतकऱ्याच्या तोंडी तर हा शब्द दर सुगीला असतो. 'औंदा पदरात काय पडलं?' किती क्विंटल झालं, भाव काय लागला, हे सगळं या एका प्रश्नात येतं. 2025च्या सप्टेंबरात आपल्याकडं सीना, मांजरा, गोदावरी सगळ्याच पात्राबाहेर आल्या. शेंगा भरलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. कुठं कुठं तर जमिनीची मातीच वाहून गेली. त्यानंतर एका ओळखीच्या शेतकरीबाईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "बाई, पदरच फाटला." याच्या पुढं मला विचारता आलं नाही.

राजेरजवाड्यांच्या काळात माणसंही पदरी असायची. वेरूळचे मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या पदरी होते, असं आपण इतिहासात वाचतो. पदरी असणं म्हणजे चाकरीत असणं, आणि ठेवणाऱ्यानं पोसण्याची, सांभाळण्याची हमी घेणं. आजच्या नोकरीत पगार असतो, पदर नसतो.

एवढं चांगलं चांगलं सांगितलं. पण या शब्दाला काटेही आहेत, आणि ते लपवले तर मी खोटी ठरेन.

'पदर लागणे' म्हणजे नात्याचा धागा जुळणे. सोयरीक ठरवायला बसलेली वडीलधारी माणसं गावांची, कुळांची नावं घेत घेत मागं जातात. तुमची आत्या अमक्या गावात दिलेली, त्यांची मावशी आमच्या चुलत्याकडची, मग लागला की पदर! हे मोजणं ऐकायला मोठं गोड असतं. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळेस मुलगा आला, बघून गेला, दोघांची पसंती झाली. शिक्षण, नोकरी, स्वभाव, सगळं जुळलं. चार दिवसांनी निरोप आला, 'पदर लागत नाही.' कारण एवढंच. त्या रात्री ती मोरीत भांडी घासत होती आणि आज्जी तिच्या मागं उभी राहून म्हणत होती, "कशाला रडायलीस, माय? पदर काय, लावला की लागतो." माझ्या आज्जीला शाळा माहीत नव्हती, पण हा शब्द तिला त्या वडीलधाऱ्यांपेक्षा चांगला कळला होता. पदर विणलेला असतो. धागा पुढं न्यायचा की तोडायचा हे विणणाऱ्याच्या हातात असतं.

दुसरा काटा जास्त खोल. मुलगी वयात आली की आपल्याकडं म्हणतात, 'तिला पदर आला.' शब्द किती हळुवार आहे बघा, न बोलायची गोष्ट त्यानं अलगद झाकून सांगितली. पण पदर आला की काही घरांत लगेच स्थळं सुरू होतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांचं मी ऐकलंय. सहा महिने कारखान्याच्या फडात राहायचं, मागं वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यांची भीती खोटी नाही. तरीही मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे, बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 सालचा आहे, आणि पदर येण्याचा अर्थ शरीर वाढतंय एवढाच आहे. ती संसाराला तयार झाली असा तो नाही. ऐकणाऱ्या आयांना माझी हात जोडून विनंती आहे, हे दोन अर्थ एकमेकांत मिसळू देऊ नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गातले बाक रिकामे राहिलेले मी बघितलेत.

बरं, रस्त्याचं राहिलंच.

पदराचा आणखी एक अर्थ आहे, तो साडीच्या बाजूनं नाही, दोरीच्या बाजूनं बघावा लागतो. पोळ्याच्या आधी आमच्याकडं वडील ओसरीत केकताडाचे दोर वळायला बसायचे. एक टोक मी धरायचे. ते आधी वाखाचा एकेक पेड पिळून घ्यायचे, मग तीन पेड एकत्र उलट्या अंगानं पिळायचे. हाताला सुटं वाटणारं ते गवतासारखं काहीतरी बघता बघता बैलाला आवरणारं दावं व्हायचं. ते तीन पदरी दावं. एकेरी धागा म्हणजे एक पदर, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. गळ्यातली पोत दोन पदरी, मोत्यांचा हार पाच पदरी. घडीची पोळी चांगली भाजली की तव्यावर फुगते आणि तिचे पदर सुटतात. साटा लावून केलेल्या करंजीला पदर सुटले नाहीत तर सासूबाईंचा चेहरा पडतो. डोंगर फिरणारी मंडळी सह्याद्रीच्या कड्याखाली मध्येच जी सपाट पट्टी लागते तिलाही पदर म्हणतात. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, त्यातली ती एक घडी.

म्हणजे एकापाशी एक, एकावर एक असलेलं जे काही असेल, त्यातला प्रत्येक पदर. रस्त्यावर गाड्यांच्या रांगा शेजारी शेजारी धावतात. चार रांगा, चौपदरी. आपल्या जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेलेला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर लांब आणि सहापदरी. इंजिनिअरांना नवा शब्द हवा होता, तो वडिलांच्या दोरीत आयता सापडला. हा शब्द कुणी बनवला मला ठाऊक नाही, पण ज्यानं बनवला त्याला मराठी येत होती.

हातमागावरून आम्ही नाथांच्या समाधीकडं गेलो. एकनाथ महाराजांचा काळ 1533 ते 1599. त्यांची भारुडं आपण लहानपणापासून ऐकतो. विंचू चावल्याचं भारूड घ्या. सोंग आणणारा वेदनेनं नाचतो, प्रेक्षक हसतात, लेकरं टाळ्या पिटतात. हा पहिला पदर. मग कळतं की विंचू म्हणजे काम आणि क्रोध. हा दुसरा. आणि आपल्याला तो कधी, कुठं डसला होता हे एखाद्याला रात्री अंथरुणावर आठवतं, तो तिसरा. कवितेला, कथेला 'अनेक पदर आहेत' असं समीक्षक लिहितात, ते हेच. नाथ ज्या गावात राहिले त्या गावात पदर विणले जातात, याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं. पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. भारुडाचा मात्र ज्या बाजूनं बघावं तिकडून वेगळा.

गोदावरीच्या घाटावर मुलींनी पाण्यात पाय बुडवले, डबे खाल्ले, आणि आम्ही परतीला लागलो. अंधार पडत आला होता. रस्त्याचं काम थांबलेलं, रोलर कडेला उभा. ती सकाळची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. पंजाबी ड्रेस, ओढणी पुढं घेतलेली, आणि ओढणीच्या टोकाला एक गाठ.

मी विचारलं, "काय गं बांधलंस?"

"प्रसाद हाय, बाई. आज्जीला न्यायलेय." गाठ घट्ट आहे का ते तिनं बोटांनी चाचपून बघितलं. "पिशवीत चुरा होतो. म्हणून पदराला बांधला."