धोट्याखाली काय लिहायचं?

सोलापूर, भैया चौक. द्वारकानाथ कोटणीसांचं हे घर. सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेला हा डॉक्टर 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारला. वय अवघं 32. आता घराचं स्मारक झालंय. चीनहून पाहुणे येतात, नतमस्तक होतात. बाहेर चौकात चहा पिणाऱ्यांपैकी कितीजण आत डोकावलेत, ते मात्र विचारू नका.

आपल्याकडे संग्रहालय म्हणजे अजबखाना. कोलकात्याला देशातलं पहिलं संग्रहालय 1814 मध्ये सुरू झालं, त्याला तिथले लोक जादुघर म्हणतात. आत जायचं, 'हात लावू नये' ही पाटी वाचायची, तोंडात बोट घालायचं, बाहेर पडायचं. शाळेच्या सहलीत आम्हीही तेच केलं. लक्षात राहिला तो डबा.

ऑगस्ट 2022 मध्ये प्रागला जगभरच्या संग्रहालयांच्या परिषदेनं संग्रहालयाची व्याख्या नव्यानं ठरवली. जपणूक आणि अभ्यास होताच. आता त्यात सर्वांना सामावून घेणं आलं, लोकांच्या सहभागानं चालणं आलं. कागदावर झकास. सोलापूरच्या साखर पेठेत त्याचा अर्थ काय?

हा बघा धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. माझ्या आजोबांचा, पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यातला. दोन्ही टोकांना लोखंडी टोप, पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची कांडी. लाकूड घासून घासून आरशासारखं झालंय. मागाच्या वर जेकार्ड, म्हणजे नक्षी पाडणारं यंत्र. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीला भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा सुटतो. खट्‌. पुढची पट्टी. पुन्हा खट्‌. चादरीवरचा मोर असा एकेका धाग्यानं उभा राहतो. एक पट्टी चुकीची ओवली, तर त्याच्या मानेत वाकडेपणा येतो.

काचेच्या कपाटात चादर ठेवली की मोर दिसतो. पट्ट्या ओवणारा दिसत नाही, कांड्या भरणारी बाई तर त्याहून नाही. सोलापुरी चादर देशभर गेली, पण आमच्या गल्लीत कोण काय करायचं, हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. आधी त्यांचं बोलणं नोंदवून घ्यायला हवं. कपाटं नंतरही करता येतील.

म्हणून आजीलाच विचारलं, हा धोटा संग्रहालयात द्यायचा झाला तर खाली काय लिहायचं? मला वाटलं, नाव सांगेल, साल सांगेल. तिनं धोटा हातात घेतला, पदरानं पुसला आणि तेलुगूत म्हणाली,

"मागाच्या आवाजानं ह्यांचे कान गेले. ते लिही आधी."