माटोळीतली कळलावी

(दृश्य: फोंड्याचा बाजार, चवथीच्या आदल्या दिवशीची गर्दी)

सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, माट्ट्या. चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीच्या, म्हणजे माटोळीच्या, सामानात ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांचं एक रानफूल असतं, कळलावी. हिचा कंद तोंडात घालू नये, हे रानात जाणाऱ्याला ठाऊक असतं. तिच्यातलं विष म्हणजे कोल्चिसीन.

हेच कोल्चिसीन अगदी थोड्या मात्रेत गाऊट या सांधेदुखीवर फार पूर्वीपासून देतात. आता ते हृदयासाठीही दिलं जातं.

(दृश्य: धमनीचं रेखाचित्र)

धमनीच्या भिंतीत साचलेलं कोलेस्टेरॉल गप्प पडून राहत नाही. त्याचे टोकदार स्फटिक होतात, आणि शरीराच्या राखणदार पेशी त्यांना शत्रूच समजून खवळतात. भिंत सुजते. एखाद्या दिवशी ती फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

या राखणदारांत न्यूट्रोफिल ही पांढरी रक्तपेशी सर्वांत चपळ. पेशीच्या आत ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या असतात, तिच्या हालचालीला त्यांचा आधार लागतो. कोल्चिसीन ट्यूब्युलिनला चिकटतं, नळ्या नीट जुळत नाहीत, पेशीची धाव मंदावते. औषध बाहेर फेकणारा पंप न्यूट्रोफिलमध्ये कमी, म्हणून ते तिच्यातच साठून राहतं.

२०१९ मध्ये कोल्कॉट चाचणीचे निकाल आले. नुकताच झटका येऊन गेलेले ४,७४५ रुग्ण, रोज अर्धा मिलिग्रॅम. पुन्हा झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा घटना औषधाविना शेकडा ७.१, औषध घेणाऱ्यांत ५.५. २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. २०२४ च्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही.

कोल्कॉटमधलाच आणखी एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूमोनिया औषधाविना शेकडा ०.४, औषधासह ०.९. संख्या लहान, पण धमनीत ज्या पेशीला आपण आवरतो, तीच फुप्फुसात जंतूंशी लढत असते.

(दृश्य: औषधांचं दुकान, बाहेर पाऊस)

म्हणून ही गोळी चालू असताना ताप-खोकला आला, तर दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत कोल्चिसीन रक्तात वाढत जातं, जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर धोका आणखी मोठा. आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात घालूनच डॉक्टरांकडे जा.