चोच उघडी, पंख पसरलेले

नमस्कार श्रोते मंडळी. खान्देशातल्या सगळ्या जिजींना, आप्पांना, ताई-माईंना माझा रामराम.

वैशाख लागलाय. भुसावळचा पारा ४५ वर गेला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. माणसांनी काय करायचं हे सगळेच सांगतात. ताक प्या, रुमाल बांधा, खिशात कांदा ठेवा. अंगणातल्या कोंबडीचं मात्र कोणी काही सांगत नाही. म्हणून आज मी सांगणार आहे. पाच हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीवाल्यांसाठी नाही हं, त्यांच्याकडे फवारे असतात, मोठे पंखे असतात, डॉक्टर येतो. मी बोलतेय ते तुमच्या-माझ्या दारातल्या दोन-चार कोंबड्यांबद्दल. ज्या हाक मारली की येतात आणि नाही मारली तरी स्वयंपाकघरात येतात, त्यांच्याबद्दल.

पहिली गोष्ट. कोंबडीला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच नाहीत तिला. त्यात तिचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास. आता तुम्हीच हिशेब करा. बाहेर ४४ आणि कोंबडी ४१. मग तिच्यावर पंखा सोडून काय होणार? गरम वाराच लागणार. तिच्याकडे एकच उपाय उरतो. चोच उघडायची, धापा टाकायच्या आणि घशातला ओलावा उडवायचा. आपला माठ पाझरून गार होतो ना, तसंच. पण माठात पाणी असेल तरच तो पाझरेल. म्हणून पुन्हा सांगते: पाणी. सावलीतलं पाणी. सकाळी सावलीत ठेवलेलं भांडं बारा वाजता उन्हात आलेलं असतं, आणि ते तापलेलं पाणी कोंबडी तोंडातसुद्धा घेत नाही.

दुसरी गोष्ट, तब्येत कधी बघायची. दुपारी दोनला बघाल तर सगळ्याच कोंबड्या आजारी दिसतील. चोच उघडी, पंख अंगापासून लांब, डोळे अर्धे मिटलेले. ती तिची दुपारची रीतच आहे. तब्येत बघायची ती सकाळी, खुराडं उघडताना. गारव्यात. कोण आधी उडी मारून बाहेर येते, कोण मागे राहते ते बघा. तुरा लालभडक आहे की फिका पडलाय की जांभळट झालाय? उचलून घ्या. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे, नुसती धार लागली तर ती झिजतेय. गळ्याखाली, छातीच्या वर, तिची दाण्याची पिशवी असते. ती रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. सकाळीही टम्म असेल तर आत काहीतरी अडकलंय. शिट बघा. उन्हाळ्यात पाणी जास्त पिते म्हणून पातळ होते, त्याला घाबरू नका. हिरवी झाली, रक्त दिसलं, तर मात्र दवाखाना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी सहाला, गारव्यात, कोंबडी चोच उघडून धापा टाकत असेल तर तो उन्हाचा त्रास नाही. तो आजार आहे. पुन्हा ऐका. दुपारची धाप उन्हाची, पहाटेची धाप आजाराची.

हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. हे शिकवलं माझ्या मोठमायने, म्हणजे आजीने, आणि तेही एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. लग्नाला दुसरं वर्ष होतं. आखाजीला सासुरवाशीण माहेरी येणार हे तर तुम्हाला सांगायला नको. निंबाला झोके बांधलेले, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरसाचं पातेलं. सकाळी पितरांची नवी घागर भरून पुजलेली, वर डांगर ठेवलेलं. आणि त्या वर्षी वहिनीच्या माहेराहून आलेला फ्रिज. गल्लीतली बाया-माणसं तो बघायला येत होती.

माझी एक कोंबडी होती, कवडी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके. नाव ठेवलेली कोंबडी कापता येत नाही, म्हणून आमच्या घरी नावाच्या दोनच असायच्या. बाकीच्यांना नुसतं 'कोंबडी'. मी आले तर कवडी दिसेना. वहिनी म्हणाली, "ताई, आठ-दहा दिवस झाले, दिवसातून एकदा दिसते, पाणी पिते, दाणे टिपते आणि कुठे गडप होते देव जाणे." कोणाला त्याचं काही वाटलं नाही. लग्नघर असो की सणाचं घर, कोंबडीकडे बघायला कोणाला वेळ असतो?

आखाजीला पत्ते खेळायची आपल्याकडे रीत. पण आमच्या आप्पांना ओट्यावर पत्ते चालायचे नाहीत. मग गडी माणसं गोठ्यात बसायची. गुरं निंबाखाली बांधलेली, गोठ्याची जमीन पाणी मारून गार केलेली, त्यावर घोंगडी. डोक्यावर माळा, माळ्यावर दादर ज्वारीचा कडबा, आणि त्याच्यावर पत्रे. आधी तिथं धाबं होतं. मातीचं सपाट छप्पर, पांढऱ्या मातीने सारवलेलं, मे महिन्यातही आत गार. ते पाडून पत्रे टाकले, का, तर शेजारच्याने टाकले म्हणून. आख्ख्या खान्देशाने ही चूक केली आणि आता कूलर घेत फिरतोय. असो.

दुपारचे दोन वाजले असतील. तीन पत्तीचा डाव रंगलेला. मध्ये पैशांचा ढीग. आणि वरून, माळ्यावरून, धप्पकन काहीतरी त्या ढिगावर पडलं. नाणी उडाली. पत्ते उडाले. बघतो तर कवडी! पंख पसरून पडलेली, मान आडवी, तुरा जांभळा, डोळे मिटलेले. जिभाऊच्या हातात त्या वेळी तीन एक्के होते असं तो आजही शपथेवर सांगतो. त्याचं खरंखोटं तोच जाणे.

जिभाऊ चिडलेलाच. म्हणाला, "आते काय वाचत नई ती. मान काप, रस्सा तरी व्हई."

मी धावले. आणि मी काय केलं? तो नवा फ्रिज होता ना घरात. त्यातली बाटली काढली, बर्फासारखी गार, आणि कवडीच्या डोक्यावर ओतली. तिने एकदा सबंध अंग ताणलं, पाय ताठ केले, आणि मान टाकली. मला वाटलं, गेली.

तेवढ्यात मागून मोठमाय. वय पंच्याहत्तर, कंबरेत वाकलेली, पण आवाज असा की निंबावरचे कावळे उडावेत. "वं पोरी, काय करी ऱ्हायनी तू? मारी टाकशी तिले!"

तिने कवडी माझ्या हातातून काढून घेतली. उलटी नाही केली, आडवी नाही केली, सरळ उभी धरली, कारण उलटी केली की धाप लागलेल्या कोंबडीला श्वासच घेता येत नाही. मला म्हणाली, परात आण. पितळी परात आणली. पाणी कुठलं? माठ पाहुण्यांनी रिकामा केलेला. मोठमाय थेट देवघराकडे गेली आणि पितरांची घागर उचलून आणली. आप्पा म्हणाले, "माय, ती पितरांची आहे." तर म्हातारी म्हणते, "पितरेस्ले काय नि हिले काय, पाणी ते पाणीच शे."

नवी घागर मंडळी, सकाळपासून पाझरलेली. त्यातलं पाणी गार होतं, पण दात शिवशिवावेत असं नव्हतं. फरक तिथं आहे. बर्फाच्या पाण्याने तापलेल्या जिवाला धक्का बसतो. माठाच्या पाण्याने उतार पडतो. माठाचं पाणी पाहुण्याला द्यायला लाजणारी माणसं मला कळत नाहीत, पण तो विषय पुन्हा कधी.

मोठमायने कवडीचे पाय परातीत बुडवले. कोंबडीच्या पायावर पिसं नसतात ना, तिथून उष्णता बाहेर जाते. लुगड्याचा पदर भिजवून पंखाखाली धरला. घशात पाणी ओतलं नाही. ते श्वासनळीत गेलं तर त्यानेच मरते. बोट बुडवायची आणि एक थेंब चोचीच्या टोकाला लावायची. एक थेंब. थांबायची. पुन्हा एक थेंब. मी घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटांनी कवडीने पहिला घोट गिळला. मग वाटीभर पाण्यात गुळाचा खडा आणि मिठाची कणी घातली, तेही थेंब-थेंब.

आणि हे करता करता म्हातारीचा दुसरा हात कोंबडीच्या पोटाखाली गेला. थांबली. छातीच्या हाडावर बोट फिरवलं. पुन्हा पोटाखाली हात. तिथं पिसंच नव्हती. उघडी, लाल, गरम कातडी. म्हणाली, "ही बसेल शे. अंडा कोठे शेतस ते दखा."

खुडूक! कवडी खुडूक होती. माळ्यावर, कडब्यात, पत्र्याच्या खाली हातभर अंतरावर अंडी उबवत बसलेली. खुडूक कोंबडी २१ दिवस जागा सोडत नाही. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने खाते-पिते, पुन्हा जाऊन बसते. तहान लागली तरी बसते. ऊन लागलं तरी बसते. उन्हाळ्यात सगळ्यात आधी धोका कोणाला, तर हिला. आणि ही डोळ्यांसमोर नसते. तिचा तुरा आधीपासून फिका पडलेला असणार, वजन उतरलेलं असणार, पण दहा दिवसांत एकानेही तिला उचलून पाहिलं नव्हतं.

जिभाऊ माळ्यावर चढला. नऊ अंडी. टॉवेलात बांधून खाली आणत होता, आखाजीचा नवा पांढरा शर्ट अंगात. शिडीच्या मधल्या पायरीवर टॉवेलातून फट्ट असा आवाज आला. एक फुटलं. अंडं फुटलं असं म्हणतेय मी, पण तो बारच होता. त्या वासाने गुरं सुद्धा दावं ओढायला लागली. पत्त्यांचा डाव तिथंच मोडला आणि पैसे कोणाचे यावर पुढे दोन वर्षं भांडण चाललं.

बाकीची आठ मोठमायने एकेक करून कानाजवळ हलवून पाहिली. आठही आत खुळखुळत होती. अंड्याला ऊब लागते साडेसदतीस अंशांची. पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी किती झाली असेल? अंडी पिल्लं व्हायच्या आधीच उन्हाने मारली होती, आणि ही बिचारी ती जिवापाड धरून बसलेली. वैशाखात कोंबडी बसवू नये, असं म्हातारी नेहमी सांगायची. कवडीने ते ऐकलं नव्हतं.

साडेचारला कवडीने चोच मिटली. संध्याकाळी तिला न्हाणीजवळच्या गार खोलीत डालग्याखाली ठेवलं, खाली ओलं गोणपाट. तिसऱ्या दिवशी अंगणात. पुढे तिने तीन पावसाळे काढले.

माझा वेळ या कवडीनेच खाल्ला बघा. समोरून हाताने खुणा चालल्यात. राहिलेलं भराभर सांगते.

दाणा पहाटे आणि दिवस मावळताना. भर दुपारी नको, पचवताना अंग आणखी तापतं. अंडी पातळ कवचाची यायला लागली तर घाबरू नका. धापा टाकल्याने तिच्या रक्तात फरक पडतो आणि कवचाला लागणारा चुना नीट बसत नाही. शिंपल्याचा चुरा ठेवा आणि उन्हाचा बंदोबस्त करा. खुराड्यावर ओलं गोणपाट टाका. आपल्याकडे हवा कोरडी, म्हणून ते चांगलं काम करतं. जूनमध्ये आभाळ भरून दमट झालं की ते चालत नाही, तेव्हा हवा खेळती ठेवा, भिंती ओल्या करू नका. रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी बघा. तांबड्या गोचडीसारखे बारीक किडे दिवसा फटीत आणि रात्री कोंबडीच्या अंगावर असतात, आणि उन्हाळ्यात ते झपाट्याने वाढतात.

मुलांना बाजारातून रंग दिलेली पिल्लं आणून देऊ नका. हे विषयात नाही, तरी सांगते. हिरवी-गुलाबी पिल्लं! त्यातली किती जगतात ते बघा, आणि मग पोराला काय उत्तर देणार तेही बघा.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. एक कोंबडी उन्हाने गळाठली तर परात आणि माठ. पण एकाच दिवसात तीन-चार मेल्या, तोंड सुजलं, तुरे निळे पडले, मान वाकडी झाली, तर 'ऊन लागलं' म्हणून गप्प बसू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग असेल, दुसरं काही असेल. हात लावू नका, कापू नका, खाऊ नका, नदी-नाल्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तो आपल्याच नवापुरात, आणि २०२१ मध्ये तिथंच पुन्हा आला. मानमोडीची लस स्वस्त आहे. उन्हाळा कडक व्हायच्या आधी, सकाळच्या गारव्यात टोचून घ्यायची.

आता साडेअकरा होत आलेत. रेडिओ चालू राहू द्या आणि एकदा अंगणात जाऊन या. सकाळी सावलीत ठेवलेलं भांडं आता उन्हात आलं असेल.