पहिली झिरी मारण्याआधी

(जिना. खांद्यावर प्लायवूड घेऊन माणसं वर चढतात.)

आठ फूट बाय चार फूट, एकोणीस मिलिमीटर जाड. असा एक प्लाय तीस किलोच्या पुढे भरतो. लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून चार मजले असा जिन्यानं येतो. कोथरूडच्या या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आज सुतारकामाचा माल उतरतोय. प्लायवरचा शिक्का बघा, आयएस ७१०, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक. ओट्याखाली आणि बेसिनखाली, जिथं रोज पाणी सांडणार तिथं, हाच लागतो. डिझायनर प्रत्येक शिक्का स्वतः तपासते आहे. सध्या तिच्या तीन साइट चालू आहेत. मोबाइल मात्र पर्समध्ये आहे आणि माल उतरून होईपर्यंत तो बाहेर येणार नाही.

कामाच्या ताणानं थकून न जाता हे तिला कसं जमतं, ते समजायला थोडं मागं जायला हवं.

(रिकामा हॉल. फरशीवर खडूच्या रेघा.)

हा हाच फ्लॅट, काम सुरू होण्याआधीचा. फरशीवर खडूनं पलंग काढलाय, कपाट काढलंय, दार उघडलं की कुठपर्यंत येईल तो पाव गोलही काढलाय. घरातली माणसं त्या रेघांमधून चालून बघताहेत. आजींना माळ्याखाली उभं केलंय, हात किती वर पोचतो ते बघायला. ओटा बत्तीस इंचांवर घ्यायचा की चौतीस, हे कागदावर ठरलेलं नाही. घरात जे दोघं स्वयंपाक करतात, त्या दोघांना उभं करून ठरलं. मिक्सरचा प्लग डावीकडं की उजवीकडं, देवघरात दिव्याचा पॉइंट हवा का, वॉशिंग मशीनचं पाणी कुठं जाणार, असं सगळं विचारून झालं. बेसिनच्या आरशामागं दिवा हवा की नको, यावर अर्धा तास गेला. तो जाऊ दिला, कारण आज अर्धा तास गेला तरी एकाही भिंतीला हात लागलेला नाही.

मग ड्रॉइंग पक्कं होतं. प्रत्येक पानावर घरमालकांची सही आणि तारीख. त्यानंतर भिंतीला पहिली झिरी, म्हणजे पाइप टाकण्यासाठी कापलेली खाच.

(कटर भिंतीत शिरतो. धूळ.)

झिरी मारून पाइप टाकला, गिलावा झाला आणि मग कुणी म्हणालं, 'स्विचबोर्ड एक फूट सरकवूया'. सांगायला एक वाक्य. पण त्यासाठी इलेक्ट्रिशियनला परत बोलवायचं, गवंड्याला परत बोलवायचं, रंगाऱ्यानं भरलेली लांबी (पुट्टी) परत भरायची आणि त्या भिंतीवर बसणाऱ्या कपाटाचं माप बदललं हे सुताराला कळवायचं. हे चौघं चार ठिकाणी कामाला. चौघांची मोट बांधणारी एकटी डिझायनर, तीही रात्री जेवताना फोनवर. अनेक ठिकाणी फी चौरस फुटांवर किंवा एकूण खर्चाच्या टक्क्यांवर ठरते. त्या फोनचे तास कुठल्याच बिलात येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद करताना त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित घटना ('ऑक्युपेशनल फिनॉमेनन') म्हटलं. कामाच्या ठिकाणी सतत साचत गेलेला आणि वेळेवर न हाताळलेला ताण. म्हणूनच चार दिवस कोकणात जाऊन येण्याचा सल्ला पुरत नाही. परत आल्यावर तो बोर्ड तिथंच असतो.

सही झाल्यानंतरच्या बदलाला इथं वेगळी चिठ्ठी आहे. त्यावर खर्च लिहायचा, वाढणारे दिवस लिहायचे आणि डिझायनरची जादा फीसुद्धा. बदलाला कुणी नाही म्हणत नाही. चिठ्ठी वाचून पुष्कळजण स्वतःच थांबतात.

(बाथरूम. फरशीवर साचवलेलं पाणी.)

वॉटरप्रूफिंग झालं की दाराशी छोटा बांध घालून पाणी भरून ठेवतात. चोवीस तास, कुठं अठ्ठेचाळीस. खालच्या घराच्या छताला ओल येते का, ते बघायचं. या वेळात या बाथरूममध्ये कुणालाच काही करता येत नाही. इंटिरियरच्या कामात अशा थांबायच्या जागा आधीपासूनच आहेत. गिलाव्याला पाणी मारत राहायचं असतं, लांबी वाळायला हवी, पॉलिशच्या दोन हातांमध्ये वेळ जावा लागतो. माणूस थकतो तो या प्रत्येक फटीत दुसऱ्या साइटची घाई कोंबल्यामुळं.

(ऑफिसची भिंत. रंगीत पट्ट्यांचा तक्ता.)

एक पट्टी म्हणजे एक साइट. निळा रंग तोडफोड आणि प्लंबिंगचा, पिवळा सुतारकामाचा, लाल शेवटच्या फिनिशिंगचा. नियम एकच आहे, एका महिन्यात दोन लाल नकोत. शेवटच्या टप्प्यात बारीक प्रश्न सर्वात जास्त. मिस्त्री दोन सूत (पाव इंच) फरक दाखवतो, लॅमिनेटची शेड जुळत नाही, बिजागरी कुरकुरते. अशी दोन घरं एकदम आली की एकाकडंही धड लक्ष जात नाही. हा तक्ता लागल्यापासून तिनं कामं नाकारली आहेत. उत्पन्न घटलं. ती रक्कम लहान नव्हती.

(साइटवरची वही. पेन्सिलनं लिहिलेले प्रश्न.)

मिस्त्री दिवसभराचे प्रश्न या वहीत लिहितात आणि बुधवारी, शनिवारी साइटवर उभं राहून उत्तरं मिळतात. पाणी गळलं, शॉर्टसर्किट झालं, तरच फोन. ग्राहकांच्या ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर उत्तर नाही, हे पहिल्याच भेटीत लेखी दिलेलं असतं. सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते. पूर्वी ती या वेळात दुसरी साइट गाठायची. आता सगळ्यांबरोबर इथंच डबा उघडते.

तिच्या बरोबरीच्या दोघींनी हे काम कायमचं सोडलं. एक सध्या औषधांवर आहे.

(कॅलेंडर. दिवाळीच्या तारखा.)

आता दिवाळीची कामं सुरू होतील. सुतार गावी जायच्या आत घर हातात हवं, असं प्रत्येकालाच वाटतं. म्हणून या वर्षी करारात एक कलम वाढलंय. गृहप्रवेशाचा मुहूर्त काढण्याआधी डिझायनरशी बोलायचं आणि काम संपण्याची तारीख व मुहूर्त यांत किमान दहा दिवस मोकळे सोडायचे. पहिल्या दोन ग्राहकांनी या कलमावर सही केली आहे. तिसरे अजून पंचांग बघताहेत.