नव्याचा सण, मुक्काम भुसावळ

[दृश्य: भुसावळ जंक्शन, सकाळची वेळ]

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे कोकणातले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे रेल्वेच्या नोकरीपायी बरीच कुटुंबं गावोगाव पांगली. आमचे आजोबा असेच भुसावळला आले. आमच्या घरात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, फारसा उरला नव्हता. वडिलांना शनिवारीही ड्युटी असे. मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, जाणं व्हायचं ते मुंबईला कुणाचं लग्न निघालं तरच.

सणांचं सगळं आजीकडे होतं.

[दृश्य: स्वयंपाकघर, चुलीवर मोठं पातेलं]

नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, ज्यू नववर्ष, बऱ्याचदा घटस्थापनेच्या आगेमागे येतो. आधी तीन दिवस गहू भिजत पडायचे. मग वाटून, गाळून चीक काढायचा. इथे शेजारच्या काकू धावून यायच्या. दर उन्हाळ्यात कुरडया घालणाऱ्या खानदेशी बाईला चीक काढायला कोण शिकवणार? नारळ मात्र मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून यायचे. चीक, नारळाचं दूध, साखर एकत्र करून आटवायला घेतलं की तासन् तास ढवळायचं. हात थांबला की तळाला लागलंच. आई दमली की काकू पदर खोचून म्हणायच्या, "सरक वं माय, आन तो डाव इकडे." हलवा चकचकीत होऊन कडा सोडू लागला की ताटात ओतायचा, वर बदामाचे काप. पहिल्या वड्या काकूंच्या घरी जायच्या.

दरफळणीला, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, पुढचं दार दिवसभर बंद. उपास एकटी आजी धरायची. वडील मागच्या दाराने कामावर जायचे. आजीने त्यांना कधी अडवलं नाही, पण पुढच्या दाराची कडीही काढू दिली नाही. तिची ती निष्ठा मला फार मोठी वाटते.

पेसाहच्या सणाला मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून ज्यू सुटल्याची गोष्ट आम्ही मराठीतच ऐकली. पुण्यात 1874 सालीच मराठीसह सचित्र हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, छापला गेला होता.

आणि शेवात या ज्यू महिन्यात मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. त्यात केळी यावलची. भाविक म्हणावं असं आजीशिवाय घरात कुणी नव्हतं, पण एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव निघालं की वडीलसुद्धा डोक्यावर टोपी घालून ताटापाशी उभे राहायचे.